वरचीचं मशीन, खालचीची भांडी

६ मार्च

प्रिय खालची,

सप्रेम नमस्कार. सुखरूप पोहोचले. तुझ्या घरच्यांनी तीन-तीनदा मोजून दिलेली बॅग विमानतळाच्या काट्यावरही तेवढीच भरली, हे त्यांना आधी सांग. नाहीतर त्यांना जेवण जायचं नाही.

लेक म्हणते, पत्रं कसली लिहितेस, फोन कर. तिला काय ठाऊक. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली. रिटायर झाले त्या दिवशी ठरवलं, आता कुणाशी बोलायचं तर समोर बसून, नाहीतर कागदावर.

आता एक सांगायचं आहे. हातातली शिलाई खाली ठेव आणि वाच. मिक्सरचं मशीन माझ्याबरोबर आलं आहे.

मुद्दाम आणलं असं नाही. निघायच्या सकाळी ओटा पुसायला म्हणून उचललं आणि हातातल्या पिशवीत कधी गेलं ते समजलंच नाही. तिकडच्या विमानतळावर तपासणीला पिशवी अडकली. तिथल्या साहेबाने टॉवेल सोडला, स्वेटर सोडला, मशीन बाहेर काढून उलटं केलं आणि म्हणाला, "मावशी, याची भांडी कुठे आहेत?"

म्हटलं, "भांडी खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे असतात. मिक्सर आम्ही भागीदारीत घेतला. मशीन माझ्याकडे, भांडी तिच्याकडे. सगळं एकीकडे ठेवलं तर दुसरी रोज मागणारी ठरते. म्हणून ती रात्री डाळ भिजवते, सकाळी भांडं घेऊन जिना चढून येते, आणि दोन्ही घरांचं वाटण एकदमच होतं."

तो म्हणाला, "मग नुसतं मशीन परदेशात नेऊन करणार काय?"

 मागे रांग खोळंबली होती, म्हणून सुटले.

तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. रागावू नकोस.

तुझी,
वरची


२१ मार्च

वरचीस,

नमस्कार राहू दे. तुझं पत्र यायच्या आधीच मला सगळं कळलं होतं.

तू गेलीस त्याच रात्री सवयीने डाळ भिजत घातली. सकाळी मोठं भांडं घेऊन जिना चढले, माझ्याकडच्या किल्लीने तुझं दार उघडलं, तर ओट्यावर मशीनच्या पायांचे चार गोल डाग आणि मशीनचा पत्ता नाही. चोर शिरला म्हणून ह्यांना हाक मारली. हे काठी शोधून, चष्मा शोधून वर येईपर्यंत चोराने चहा करून पिऊन कप विसळून ठेवला असता. मग मी नीट बघितलं. टीव्ही जागेवर, पितळेचे डबे जागेवर, भिंतीवरचं घड्याळ जागेवर. बाकी सगळं सोडून मिक्सरचं नुसतं मशीन नेणारा चोर जगाच्या पाठीवर एकच, आणि तिला विमानतळावर हार घालून मीच निरोप दिला होता.

ती डाळ मी खलबत्त्यात कुटली. प्रत्येक घावाला तुझी आठवण काढली.

भांड्यांना आता दुसरी नोकरी लागली आहे. मोठ्यात बटणं, मधल्यात रिळं, छोट्यात सुया. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, शिवणकामाला मिक्सर कशाला लागतो? मी काय सांगू?

हे म्हणतात नवा घेऊ या. यांचं काय जातंय बोलायला. नवा घेतला की भांडी आणि मशीन दोन्ही माझ्याच घरात. मग मी जिना कशाला चढू?

तुझ्या लेकीकडे मिक्सर नाही, असं तर मुळीच नसेल. मग तू नेलंस कशाला, ते त्या साहेबासारखं मीही विचारते. जूनच्या सुरुवातीला येशील तेव्हा मशीन घेऊनच ये.

खालची


८ एप्रिल

प्रिय खालची,

पत्र पोहोचलं. घाव इथपर्यंत लागले.

लेकीकडे मिक्सर आहे. त्याला इतकी बटणं की विमानसुद्धा त्याने चालवता येईल. पण तो आवाजच करत नाही ग. वाटून झालं की नाही ते झाकण काढून बघावं लागतं. आपला सुरू झाला की जिन्यावरच्या माणसाला कळायचं की आज आपल्याकडे जेवण आहे.

आपलं मशीन इथे लावून बघितलं. पिन बसेना, ती जावयांनी बसवली. पण इथली वीज अर्ध्या ताकदीची. मशीन फिरेना, आजारी माणसासारखं नुसतं कण्हलं. जावई म्हणाले, ट्रान्सफॉर्मर नावाचा जड डबा मध्ये लावला तर चालेल. पण भांडीच नाहीत तर चालवून काय ऐकायचं?

म्हणून एक काम आहे. लेकीच्या शेजारची एक नर्स सुट्टीला तिकडे येते आहे. तुला येऊन भेटेल. तिच्याबरोबर भांडी पाठव. पात्यांमुळे हातातल्या पिशवीत चालत नाहीत, मोठ्या बॅगेत घालायला सांग. आणि भांडी रिकामी पाठवू नकोस. पोकळ वस्तू पाठवणं म्हणजे जागेची नासाडी. मोठ्यात तुझ्या हातचं भाजलेलं पीठ, मधल्यात मसाला दाबून भर, छोट्यात मेथीदाणे. मसाला असा एकंदर दोन किलो तरी हवा. उरलेला पाकिटात घालून कपड्यांच्या घड्यांत सरकव. लोणचं मात्र वेगळं, दोन पिशव्यांत. लोणचं आणि माणूस, बाटलीबाहेर पडल्यावर दोघांचाही भरवसा नाही.

इथे सगळं ठीक आहे. नातू माझ्या मांडीवर बसल्याशिवाय घास घेत नाही. काल लेकीने माझ्यासाठी जाड कोट आणला, गुडघ्यापर्यंत येतो.

तुझी,
वरची


२२ एप्रिल

वरचीस,

नर्स येऊन गेली. पोरगी गुणाची आहे. तिला चहा दिला, तिच्या सुट्टीचे दोन कपडे उसवले होते ते टाके घालून दिले, आणि जाताना लोणच्याची छोटी बाटली दिली. ती तिच्यासाठी. तुझ्यासाठी काही दिलं नाही.

का, ते ऐक. मी आयुष्यभर माणसांची मापं घेतली आहेत. माणूस तोंडाने काहीही सांगू दे, माप खोटं बोलत नाही. जूनमध्ये परत येणारी एकटी बाई दोन किलो मसाला मागवते? दोन किलोत आपल्या दोन्ही घरांचं वर्ष निघतं. तिथे तू खाणावळ काढली आहेस का?

आणि कोट. गुडघ्यापर्यंतचा जाड कोट उन्हाळा तोंडावर आलेला असताना कोणी घेतं का? घेतं, ज्याला पुढची थंडी तिथेच काढायची असते तो.

परवा एक माणूस टेप घेऊन आला. एजंट म्हणवतो. तुझं घर बघायचं म्हणाला, तुझ्या लेकीचं नाव सांगितलं. मी किल्ली घेऊन वर गेले. तो खिडक्या मोजत होता आणि चुकीच्या मोजत होता, टेप तिरकी धरून. मी त्याच्या हातातून टेप घेतली आणि बरोबर मापं सांगितली. जिना उतरताना मग डोक्यात आलं की मी कशाची मापं देऊन बसले.

मला वळसे घालून बोलता येत नाही. येणार आहेस की नाही? जोवर लिहीत नाहीस तोवर भांडी माझ्याकडे. बटणांना तिथे बरं आहे.

खालची


१० मे

प्रिय खालची,

तुझ्यापुढे काही लपत नाही, हे एवढ्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

लेक आणि जावई म्हणतात, इथेच राहा. तिकडे एकटी, वरचा मजला, गुडघे दुखतात, रात्री-अपरात्री काही झालं तर काय. घर विकून टाकू. त्यांचं काही चुकत नाही. लेकीने मला निघायच्या आधीच विचारलं होतं, आणि मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. नोकरीतली सवय. "कृपया थांबा, जोडून देते." तिने ते हो धरलं आणि एजंटला सांगितलं. सही अजून राहिली आहे. कागद टेबलावर आहे, रोज त्याच्यावर कपबशी ठेवते.

मशीन का आणलं, तेही सांगून टाकते. ओटा पुसायला वगैरे काही उचललं नव्हतं. त्या सकाळी मनात आलं की मी परत आले नाही तर तू नवी शेजारीण बघशील, आणि तीही सकाळी आपल्या मशीनवर तुझी डाळ वाटेल. मला ते सहन होईना. एवढंच. माझ्या वयाच्या बाईने हे लिहायला लाज वाटली पाहिजे, पण वाटत नाही.

लेकीला म्हटलं, सही करायच्या आधी मला खालचीला भेटायचं आहे. तिने तुझं तिकीट काढलं, सोबत पाठवते आहे. तुझा मुलगा इकडे होता तेव्हा काढलेला तुझा पासपोर्ट, व्हिसासकट, गादीखाली आहे, मला माहीत आहे. महिनाभर ये. भांडी आण.

तुझी,
वरची


२ जून

वरचीस,

येते. तुला भेटायला नाही. मशीन परत घ्यायला.

ह्यांच्या अंगात आलं आहे. रोज सकाळी बॅग उचलून वजनकाट्यावर उभे राहतात, मग बॅगेशिवाय उभे राहतात, आणि वजाबाकी करतात. काल बॅग अचानक जड भरली. सगळं उपसलं, काही जास्तीचं सापडेना. शेवटी समजलं की पहिल्यांदा जेवून उभे राहिले होते आणि दुसऱ्यांदा शौचाला जाऊन आल्यावर. तेव्हापासून दोन्ही वजनं उपाशीपोटी होतात आणि मला चहा उशिरा मिळतो.

भांडी तू म्हणालीस तशी भरली. प्रत्येक भांड्याला जाड कापडाचं अस्तर लावून पिशवी शिवली आहे. तोंडाला नाडी लावणार होते, पण नाडीचा काय भरवसा. वाटेत कुणी सोडली तर? म्हणून तोंडं शिलाई मशीनवर दुहेरी टीप मारून बंदच केली. आता मुंगी शिरायची नाही. लोणच्याच्या झाकणावर ह्यांनी मेणबत्ती ओतली आहे. त्यात थोडं मेण माझ्या चपलेवर गेलं, ती आता निसरडी झाली आहे.

विमानतळावर काय विचारतात ते नर्सने मला फोनवर घोकून दिलं आहे. "खायचं काही आहे का?" "आहे." "काय?" "घरचं." यापुढचं तिने शिकवलं नाही.

कात्री हातातल्या पिशवीत चालत नाही असं म्हणाली, म्हणून ती मोठ्या बॅगेत, पिठाच्या भांड्याबरोबर, आत नीट गुंडाळून ठेवली आहे.

खालची


१९ जून

अहो,

मी पोहोचले. वजन बरोबर भरलं. आता पुढचं वाचताना हसू नका.

बाहेर पडायच्या दारात एक कुत्रा होता, गणवेशातल्या साहेबाबरोबर. तो माझ्या बॅगेशी आला, एक वास घेतला आणि खाली बसला. मला वाटलं दमला असेल. पण इथे कुत्रा बसला की माणसाला बाजूला घेतात.

साहेबाने बॅग उघडली. तीन जड, टणक गाठोडी, तोंडं शिवलेली. त्याने एक हलवलं, आतून खडखड आवाज आला. त्याने दोन पावलं मागे घेतली आणि अजून दोन साहेबांना बोलावलं. खुणेने म्हणाला, उघडा. मी खुणेने सांगितलं, कात्री द्या. त्यांच्याकडे कात्री नाही. मग मी सांगितलं की कात्री माझ्याकडे आहे, ह्याच पिशवीत, शिवलेली.

आपली भाषा येणारी एक मुलगी त्यांनी शोधून आणली. तिने तीनदा विचारून खात्री करून घेतली की मी काय म्हणते आहे. मग तिने साहेबांना सांगितलं, आणि साहेब एकमेकांकडे बघत राहिले.

शेवटी मी टाका दाताने तोडला. दुहेरी टीप होती, दाढ हलली आहे. पीठ बाहेर आलं, पातं बाहेर आलं, कात्री बाहेर आली. मोठ्या साहेबाने पिठाचा वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवलं, आणि मेथीदाणे तेवढे काढून घेतले. बी नेता येत नाही म्हणे. बाकी सगळं जाऊ दिलं. कुत्रा लोणच्यापाशी शेवटपर्यंत बसून होता.

बाहेर वरची उभी होती. मी भांडायचं ठरवून आले होते. तिने विचारलं, "एवढा उशीर?" आणि आम्ही दोघी तिथेच बाकावर बसून रडलो. मग तिच्या लेकीने गाडी आणली.

दूधवाल्याला एक पिशवी कमी सांगा. झाडांना पाणी घाला, मापाने नको, भरपूर.

तुमची


१ जुलै

प्रिय सौ.,

पत्र मिळालं. हसलो नाही. थोडं हसलो.

माझं वजन दीड किलो उतरलं आहे. स्वयंपाक जमतो, पण मीठ मोजण्यात वेळ जातो.

एजंट पुन्हा आला होता. एक जोडपं घेऊन आला. वरची किल्ली मागितली. मी सांगितलं किल्ली बायकोकडे आहे आणि बायको परदेशात आहे. किल्ली माझ्या खिशात होती. खोटं बोलायची मला सवय नाही, त्यामुळे दिवसभर दाराला कडी लावून बसलो. परत आला तर काय सांगू ते कळव.

येताना बॅग हलकी असेल. त्याप्रमाणे रिक्षा बघतो.

तुझा


२० जुलै

प्रिय वरची,

काल पोहोचले. बॅग अजून उघडली नाही. हे म्हणतात आधी वजन करू दे. त्यांचा उपास सुटेपर्यंत तुला लिहून टाकते.

महिना कसा गेला कळलं नाही. जावयांनी तो ट्रान्सफॉर्मर आणला आणि आपलं मशीन पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा खालच्या मजल्यावरची गोरी बाई घाबरून वर आली, आठवतं? आणि तू तिला आत घेऊन भांड्याचं झाकण धरायला लावलंस. नंतर ती रोजच त्या वेळेला यायला लागली. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं.

मी तिथे भांडायला आले होते, पण बघितलं ते बघितलं. नातू तुझ्याशिवाय जेवत नाही. लेक कामावरून आली की आधी तुझ्या खोलीत डोकावते. जावई तुझ्या गुडघ्याला तेल आणून देतात. इथे तुला काय आहे? तेहतीस पायऱ्या आणि मी.

म्हणून मी भांडी आणली नाहीत. तिथेच ठेवली आहेत, तुझ्या कपाटात खालच्या कप्प्यात, त्या पिशव्यांत. तोंडं शिवली नाहीत, नाडी लावली आहे. मशीन तुझ्याकडे आहेच. जोडी तुझ्याकडे पूर्ण झाली. झाकण धरायला ती खालची बाई आहे. तिला शिकव, पोरगी चांगली आहे.

मला फार वाईट वाटतं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण सही करून टाक. एजंटला खिडक्यांची मापं माझ्याकडून घे म्हणावं.

ह्यांनी आत्ताच हाक मारली. म्हणतात बॅग जायच्या वेळेपेक्षा थोडीच हलकी भरते आहे. भांडी नाहीत, पीठ नाही, मसाला नाही, तर एवढं वजन आलं कुठून. मी म्हटलं, तुम्ही जेवलात का? म्हणतात, नाही. बघून येते.

बघून आले.

वरची, बॅगेत तुझा जाड कोट आहे. गुडघ्यापर्यंतचा. कोटात मशीन आहे. बाह्या गाठ मारून बांधल्या आहेत. गाठ तुझी नाही, तुला अशी मारता येत नाही. ही तुझ्या लेकीने मारली आहे.

मला काही कळेनासं झालं आहे. मशीन इथे, भांडी तिथे. हे विचारत आहेत, मी का रडते. लवकर लिही.

खालची


२ ऑगस्ट

प्रिय खालची,

कपाट उघडलं. भांडी बघितली. मूर्ख आहेस.

तू निघालीस त्याच्या आदल्या दिवशी आपण वाटण करत होतो, तू मिठावरून माझ्याशी भांडत होतीस. लेक दारात उभी होती. तू झोपल्यावर मला म्हणाली, "आई, मार्चपासून तू इथे आहेस, पण इतकं बोलताना मी तुला ऐकलंच नव्हतं." मग टेबलावरचा कागद उचलला. त्याच्यावर कपाचे इतके डाग पडले होते की सहीला जागाच उरली नव्हती. तिने तो फाडला आणि कोट काढून मशीन बांधायला बसली. म्हणाली, "मशीन पुढे पाठवू, म्हणजे तुला मागून जावंच लागेल."

काल तिने एजंटला फोन करून नाही सांगितलं. मी शेजारी उभी होते. इतक्या वर्षांत दुसऱ्याचं बोलणं ऐकून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. नातू रुसला आहे. त्याला वचन दिलं आहे की दर वर्षी थंडीत तीन महिने येईन. तेव्हा कोट नीट ठेव, कसर लागू देऊ नकोस. इथल्या खालचीला लेकीचा तो मुका मिक्सर कसा वापरायचा ते शिकवून ठेवलं आहे.

तुझ्या घरच्यांना सांग, एजंट आला तर खोटं बोलायची गरज नाही. आणि जिन्याला कठडा बसवायचं माप घेऊन ठेव, माझ्या गुडघ्यांसाठी.

भांडी घेऊन येते आहे. रिकामी नाहीत. काय भरलं आहे ते सांगत नाही, तुझ्या घरच्यांना वजनावरून ओळखू दे. पिशव्यांची तोंडं मी शिवली नाहीत.

सोळा तारखेला सकाळी पोहोचते. पंधराच्या रात्री डाळ भिजत घाल.

तुझी,
वरची